जैतुनबीची खुर्ची

माझा भाचा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत कामाला आहे, आणि तिथल्या माणसांना आनंदी ठेवणं हेच त्याचं काम आहे. विनोद नाही, त्याला त्याचा पगार मिळतो. दिवाळीत यवतमाळला आला की ओट्याला टेकून, मी चकल्या तळत असताना, मला समजावून सांगतो: मावशी, शुक्रवारी आम्ही सगळ्यांना रंगीत टोप्या घालायला लावतो, पिझ्झा मागवतो, महिन्याचा उत्तम कर्मचारी निवडून त्याचा फोटो लावतो, त्याने माणसाचं कामात मन लागतं. मी विचारते, आणि सोमवारी रे? सोमवारी काय, असं म्हणून तो मोबाईल बघायला लागतो. मुलगा गुणी आहे, शिकलेला आहे, आणि शिकलेल्या माणसाला जितकं मूर्ख होता येतं तितका तोही आहे. चकल्या मात्र तो मन लावून खातो.

आता त्याला तरी काय बोलू? मी स्वतः बाभुळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला. उत्पादनाचे घटक चार: भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. संयोजक म्हणजे बाकीच्या तिघांना एकत्र आणून त्यांच्याकडून काम करवून घेणारा कर्तबगार पुरुष. असं मी फळ्यावर लिहायची, पोरं उतरवून घ्यायची, पास व्हायची आणि मग आपापल्या बापाच्या शेतात नाहीतर मोबाईलच्या दुकानात जाऊन बसायची. पण संयोजक हा शब्द लिहिताना दरवेळी मी नाक मुरडायचीच. कारण मी जो पहिला संयोजक जवळून पाहिला, तो लोहाऱ्याला, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये पाहिला, आणि तसा रिकाम्या डोक्याचा माणूस त्यानंतर मला फक्त शिक्षण खात्यातच भेटला. जिनिंगचं नाव सांगत नाही. ते आता बंद पडलंय, आणि मालकाची नातवंडं शहाणी निघाली असतील तर उगाच त्यांना लाज कशाला.

आमचं घर तेव्हा लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर होतं. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांची राळेगावची मुक्कामी गाडी असायची, त्यामुळे ते घरी असले तरी निम्मे झोपेत असत. घर चालवायची ती माय. पहाटे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने मला जाग यायची, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे शेजारच्या जैतुनबीच्या, नमाजाआधीच्या वजूच्या लोट्याचा आवाज व्हायचा. थंडीत चुलीवर तुरीच्या सोल्यांची भाजी असायची, कधी आंबाडीची, कधी नुसता ठेचा आणि भाकर. सोल्यांची भाजी असली की माय एक वाटी भिंतीवरून पलीकडे द्यायची, आणि तीच वाटी जवसाच्या चटणीने भरून परत यायची. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हा दोघींचा कायदा होता. बाहेर जिनिंगचा भोंगा वाजला की दोघी एकाच वेळी दाराला कड्या घालून तिथे कामाला निघायच्या. मी सकाळचं कॉलेज करून दुपारी त्यांच्यात जाऊन बसायची, कारण कापसाच्या सीझनमध्ये घरात धडधाकट माणूस रिकामं बसलेलं मायला खपायचं नाही.

जैतुनबी वयाने मायपेक्षा खूप मोठी. माय तिला आपा म्हणायची, मी खाला. तिचा नवरा मोटार मेकॅनिक होता, तो गेला. मुलगा नागपूरला एका गॅरेजमध्ये कामाला, बायकोपोरांसकट एका खोलीत राहायचा आणि अम्मी, इकडे ये म्हणून निरोप धाडायचा. एकदा ती गेलीही, आणि महिना भरायच्या आत गाठोडं घेऊन परत आली. माय म्हणाली, "काय झालं आपा? सून बोलली काय काही?"

"नाई व. सून लय चांगली हाये," जैतुनबी म्हणाली. "पन दिवसभर खाटेवर बसून भिताडाकडे पाहा लागते. पोरगा कामावर, सून कामावर, नातू शाळेत. भिताडाशी मानूस किती बोलन?"

बोलणं हाच तिचा श्वास होता, आणि ते भरपूर मिळायचं ते जिनिंगच्या पत्र्याखाली. तिथे बायांचं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. गाडीतून उतरलेला कापूस मशीनमध्ये जाण्याआधी त्यातला वाळका पाला, बोंडाची टरफलं आणि पिवळी पडलेली, न फुललेली बोंडं वेचून काढायची. त्या खराब कापसाला कवडी म्हणतात. मोठा ढीग मधे, भोवती बाया गोल बसलेल्या, हात चालताहेत आणि तोंडं हातांपेक्षा जास्त चालताहेत. पलीकडे रोलरची खडखड, नाकात सरकीचा तेलकट वास, केसांवर रुईची बारीक पिसं. कुणाची सासू, कुणाची म्हैस, कुणाचा देव, सगळं त्या ढिगाभोवती निघायचं. मला कॉलेजपेक्षा तिथे जास्त करमायचं.

आणि त्या गोलाचा एक नियम होता. आमच्याकडे खेड्यात इर्जिक असते. एकाच्या शेतावर सगळ्यांनी मिळून जायचं, त्याचं काम उरकून द्यायचं, त्याने जेवू घालायचं, पुढे दुसऱ्याचं शेत. या सगळ्या बाया खेड्यातूनच आलेल्या, त्यांनी ती पत्र्याखाली आणली. जिला दिवस गेलेत, जिच्या अंगात ताप आहे, जिने आदल्या दिवशी नवऱ्याचा मार खाल्लाय, तिचे हात हळू चालणारच. मग बाकीच्या तिच्या पुढ्यातला कापूस आपल्याकडे ओढून घ्यायच्या. "आज हिची इर्जिक," एवढंच कुणीतरी म्हणायचं. ढीग सगळ्यांचा, तो दिवसाअखेर संपायचा, आणि मशीनला कुणी कमी वेचलं हे कळण्याचं काही कारण नव्हतं.

जैतुनबीची इर्जिक मात्र रोजची होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती कानांवर हात ठेवायची, तिच्या बहिणीचा डोळा म्हणे त्यातच गेला होता. तिला उजेड दिसायचा, माणसांचे आकार दिसायचे, पण पांढऱ्या कापसातली पिवळी कवडी तिच्या लेखी नव्हतीच. शेजारची बाई हळूच सांगायची, "आपा, डाव्या हाताखाली पान हाये," आणि ती ते उचलायची. बाकीचं आम्ही वेचायचो. बदल्यात ती गोष्टी सांगायची, नवऱ्याच्या गॅरेजातल्या, ट्रक ड्रायव्हरांच्या, मेलेल्या आणि जिवंत. मला तर वाटायचं की स्वस्तात पडतंय.

अशा ठिकाणी शेठने नवे म्यानेजर आणले. शेठ स्वतः फार बोलायचे नाहीत, श्रीमंत माणसाला बोलायला माणूस ठेवता येतो. हे साहेब कुठल्याशा मोठ्या शहरात व्यवस्थापन शिकून आले होते. पॅन्टची इस्त्री अशी की तिच्यावर भाजी चिरावी. कापूस झाडाला लागतो की वेलीला हे त्यांना कुणी विचारलं नाही, नाहीतर गंमत झाली असती. आल्या दिवशी त्यांनी आम्हाला मशीन बंद करून उभं केलं आणि भाषण दिलं. कामगार समाधानी तर उत्पादन दुप्पट, कामगार हा कारखान्याचा आत्मा, आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत. मग त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि आम्हालाही वाजवायला सांगितल्या. रुईने भरलेल्या हातांच्या टाळ्या वाजत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बायांनी त्याच दिवशी त्यांचं नाव टाळ्यावाले साहेब ठेवलं.

"कुटुंब म्हंते थो," माय घरी जाताना म्हणाली. "मंग जेवाले काहून नाई बोलावत?"

आठवडाभर ते पाठीमागे हात बांधून आमच्या गोलाभोवती फिरले. आम्ही बोलतो हे त्यांनी पाहिलं. आम्ही हसतो हेही पाहिलं. ज्या समाधानासाठी ते एवढी फी भरून शिकून आले होते ते त्यांच्या बुटांपुढे मांडी घालून बसलं होतं, पण पुस्तकात त्याचं चित्र नसावं. त्यांनी ठरवलं की बायांना प्रोत्साहन नाही. मग गोल मोडला. प्रत्येकीला वेगळं पोतं बसायला, वेगळा ढीग, वेगळं टोपलं. संध्याकाळी टोपल्यातली कवडी तोलायची. आठवड्याला जिची सगळ्यात जास्त ती आदर्श कामगार, तिला सगळ्यांपुढे खुर्चीवर बसवून स्टीलचा डबा आणि टाळ्या. जिचं टोपलं लागोपाठ दोन आठवडे सगळ्यात हलकं, तिने पुढे येण्याची तसदी घेऊ नये. हे शेवटचं त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की अर्ध्या बायांना ते घरी गेल्यावर कळलं.

या हुशारीतली मेख एखाद्या शेंबड्या पोरालाही कळली असती. कचरा जास्त तोलला की बक्षीस, म्हणजे चांगला कापूसही कचऱ्यात टाकायचा. बायांनी तो टाकला. टोपली भरू लागली, साहेब खूश झाले, शेठला म्हणाले की बघा प्रोत्साहनाचा परिणाम. शेठचा चांगला माल टोपल्यांतून कवडीच्या भावाने चालला होता आणि शेठ मान डोलवत होते. मी पुढे वर्गात प्रोत्साहनपर वेतन शिकवायची तेव्हा मला हसू फुटायचं आणि पोरांना वाटायचं बाईंना काहीतरी आठवलं.

पण पत्र्याखाली हसणं संपलं होतं. पोत्यापोत्यांमध्ये अंतर पडलं, आणि बोलायला मान वर केली की हात थांबतो हे प्रत्येकीला कळलं. पहिल्या आठवड्याचा डबा मायला मिळाला. तिचे हात मुळातच चपळ. खुर्चीवर बसताना ती लाजेने एवढीशी झाली होती, आणि त्या दिवशी घरी येताना एकही बाई तिच्यासोबत चालली नाही. मायने तो डबा फळीवर पालथा ठेवला आणि त्यात कधी मीठसुद्धा भरलं नाही. त्याच दिवशी सगळ्यात हलकं टोपलं कुणाचं, तेही साहेबांनी जाहीर केलं. "जैतुनबी, जरा जोर लावा. तुम्हाला जावं लागलं तर आम्हाला वाईट वाटेल." त्यांना वाईट वाटणार होतं म्हणे!

संध्याकाळी भिंतीपलीकडून वाटी आली नाही. माय स्वतः गेली, मी मागून. जैतुनबी अंधारात खाटेवर बसली होती. "शांता, अजून एक आठवडा," ती म्हणाली. "मंग नागपूरचं भिताड हाये माहं." मायने चिमणी लावली, चूल पेटवली आणि तिथेच तिच्यासाठी भाकर टाकली. मला साहेबांचा असा संताप आला होता की वाटलं, त्यांच्या त्या इस्त्रीवर चुलीतली राख नेऊन ओतावी.

दुसऱ्या आठवड्यात माय पाणी प्यायला उठली की जैतुनबीच्या पोत्याजवळून जायची, आणि जाताना ओटीतली मूठभर कवडी तिच्या टोपल्यात सोडायची. मी हे पाहिलं आणि मीही तेच सुरू केलं. आम्हाला वाटलं आम्ही दोघीच. पण मायला हे करताना पाहायला बाकीच्यांची मान वर होत नव्हती, आणि मायचीही होत नव्हती. प्रत्येक बाई पाणी प्यायला उठत होती. प्रत्येकीची ओटी जैतुनबीच्या टोपल्याजवळ मोकळी होत होती. आणि प्रत्येकीला वाटत होतं, बाकीच्या या मेल्या स्वार्थी, म्हातारीसाठी आपणच तेवढ्या मरतोय. पूर्वीसारखं गोलात बसलो असतो तर कुणीतरी म्हटलंच असतं, पुरे व, झालं तिचं. पण बोलणं साहेबांनी बंद केलं होतं, त्यामुळे पुरे म्हणायला कुणी नव्हतं.

शनिवारी टोपली तोलली. आदर्श कामगार, जैतुनबी.

साहेबांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद! हे उंटावरचे शहाणे धावत गेले, स्वतः हात धरून तिला खुर्चीत बसवलं, शेठला बोलावून आणलं. एका आठवड्यात तळातून वर, फक्त प्रोत्साहनाने! "आजी, तुमच्या यशाचं रहस्य काय?" त्यांनी विचारलं. जैतुनबी भांबावून आवाजाच्या दिशेने बघत होती. "अल्ला जाने साहेब," ती म्हणाली. "माहं टोपलं तं हलकंच होतं." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शेठनेही वाजवल्या.

घरी जाताना रस्त्यात माय थांबली. "खरं सांगा व, कोन कोनं टाकलं?" एक म्हणाली, "म्या टाकलं." दुसरी म्हणाली, "मीबी." आणि मग सगळ्याच रस्त्याच्या कडेला पोट धरून हसायला लागल्या, इतक्या की बाभुळगावच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघत गेला. जैतुनबी मधोमध उभी राहून म्हणत होती, "बेशरम हो, मले तं सांगाचं!" मायशी सगळ्या पुन्हा बोलायला लागल्या त्याच दिवसापासून.

पण मूर्ख माणूस खूश झाला की जास्त धोक्याचा असतो. सोमवारी साहेबांनी जैतुनबीला बढती दिली. गुणवत्ता निरीक्षक! ऑफिसच्या व्हरांड्यात तिच्यासाठी हिरव्या वायरची लोखंडी खुर्ची ठेवली, पुढे टेबल, टेबलावर पांढरी चादर. वेचलेला कापूस घमेल्यातून तिच्यापुढे यायचा, आणि तिने बघून तो पास करायचा. त्या जिनिंगमध्ये जिला कापसातली कवडी दिसत नव्हती अशी एकच बाई होती, आणि साहेबांनी शोधून शोधून तिलाच कवडी बघायला बसवलं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, असं आमच्याकडेही होतं. त्या एका वाक्यासाठी मी त्याला जास्तीच्या चकल्या बांधून दिल्या.

ती बिचारी घमेल्यात हात घालायची, आणि "चांगलं हाये" म्हणायची. सगळंच चांगलं. व्यापाऱ्याची तक्रार आली की रुई पिवळी आहे, तर साहेबांनी धुक्याला दोष दिला. तिला काढणं त्यांना शक्यच नव्हतं, कारण नागपूरपर्यंत त्यांनी तिची कहाणी सांगून ठेवली होती. म्हणजे तिची नोकरी पक्की झाली होती, शेठनंतर तीच. आणि ती वाळत चालली होती. व्हरांडा पत्र्याच्या शेडपासून लांब. आमचा आवाज तिच्यापर्यंत जात नव्हता, तिच्यामागे फक्त ऑफिसची भिंत. साहेब जाता-येता विचारायचे, "आजी, समाधान आहे ना?" ती मान हलवायची. संध्याकाळी रस्त्याने ती मला विचारायची, "शालू, आज कोनाच्या डब्यात काय होतं व?" मी सांगायची, आणि ती लहान मुलासारखी ऐकायची. एका संध्याकाळी ती मायला म्हणाली, "इथंबी भिताडच भेटलं, शांता. मंग नागपूरचं काय वाईट? तिथं नातू तरी येते संध्याकायी." आणि गाठोडं बांधायला काढलं.

ते गाठोडं पाहून माय रात्रभर कुशी बदलत होती. सकाळी बोअरिंगवर पाणी भरताना तिने बायांना गाठलं. "तिले खाली आनता येत नाई तं आपन वर जाऊ," ती म्हणाली.

"साहेब कावन," एक बाई म्हणाली.

"कावू दे. कुटुंब हाये ना त्याचं?"

साहेबांची स्कूटर यायच्या आत बायांनी ताडपत्र्यांवर कापूस घातला, चारही टोकं धरून ओढत नेला आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांपुढे मोठा ढीग केला. वेगळी पोती नाहीत, वेगळी टोपली नाहीत. जैतुनबी खुर्चीवर बसून "काय करून राह्यल्या व, काय करून राह्यल्या," असं विचारत होती. मायने पायरी चढून तिचा हात धरला आणि तिला खाली आणून आपल्याशेजारी बसवलं. खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर कुणीतरी चहाची किटली ठेवली. बघता बघता गोल पुरा झाला, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदमच बाहेर पडायला लागलं. जैतुनबीचा आवाज सगळ्यात मोठा.

नेमके त्याच सकाळी साहेब पाहुणे घेऊन आले. शेठ, दोन व्यापारी, आणि नागपूरचे कुणी प्राध्यापक, ज्यांना कामगारांचं समाधान बघायचं होतं. व्हरांड्यापुढे आमचा हा बाजार. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. हे काय आहे, असं शेठनी विचारलं. आम्ही हात थांबवले. आता आपल्या सगळ्यांचीच गाठोडी, असं मला वाटलं.

साहेबांनी घसा साफ केला. "हे आपलं क्वालिटी सर्कल, सर," ते म्हणाले. "निरीक्षक आणि कामगार एकत्र. नवीन प्रयोग आहे माझा."

प्राध्यापक हरखले. जपानमध्ये अगदी असंच करतात, ते शेठना म्हणाले. जपानात! माय माझ्या कानात पुटपुटली, "आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते." मग शेजारी कोण बसलंय हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. जैतुनबीने ते ऐकलं होतं. ती मायच्या मांडीवर चापट मारून हसली.

प्राध्यापक वाकून तिला म्हणाले, "आजी, एवढी चांगली खुर्ची सोडून खाली का बसलात?"

"साहेब, मले दिसत नाई," जैतुनबी म्हणाली. "डोये गेले माहे. पान कोनतं, कवडी कोनती, मले काई समजत नाई. खाली बसली का ह्या पोरी सांगतेत."

सगळा सीझन आम्ही जे ओटीत लपवलं होतं ते तिने सरळ समोर ठेवलं. माय खाली मान घालून बसली. आणि मग साहेब मोठ्याने हसले. "आजी फार विनोदी आहेत!" असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून शेठनी वाजवल्या, शेठनी वाजवल्या म्हणून व्यापाऱ्यांनी, आणि प्राध्यापकांनी तर सगळ्यात जोरात. एका म्हातारीने तोंडावर सांगितलं की मी आंधळी आहे, आणि एवढी शिकलेली, पैसेवाली माणसं तिच्यासमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तेवढी किळस मला आयुष्यात पुन्हा कुणाची आली नाही.

त्या प्रयोगाच्या जोरावर साहेब पुढे मोठ्या कारखान्यात गेले, तिथेही भाषणं देत असतील. जिनिंगमध्ये कापूस साफ करायचं मशीन आलं तेव्हा बायांचं कामच गेलं, तेही कुणाला न विचारता. पण तोवरचे सगळे सीझन जैतुनबी गोलात बसली, आणि नागपूरला ती फक्त ईदला जायची.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर दुपारी साहेब एकटे परत आले होते. पॅन्टची इस्त्री सांभाळत ते जैतुनबीपुढे उकिडवे बसले. जमिनीजवळ मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"खरंच दिसत नाही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाई साहेब."

"म्हणजे आधीपासून? डबा मिळाला तेव्हाही?"

"तवाबी नाई."

त्यांनी आमच्याकडे, एकेकीकडे, पाहिलं. त्यांना बहुतेक पहिल्यांदाच आमची तोंडं दिसत होती. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल. ते उठले, गुडघ्यावरची रुई झटकली आणि म्हणाले, "कोणाला सांगू नका."

ते ऑफिसात जाऊन दार लावेपर्यंत आम्ही कसंबसं धरलं. मग जो हशा फुटला त्यात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाला ठसका लागला. जैतुनबी तेवढी हसली नाही. ती चाचपडत एक पान उचलून बाजूला टाकत होती.

"हसू नका व," ती म्हणाली. "गरीब हाये थो. आजपासून त्यालेबी इर्जिकीत घ्या. त्याचंबी आपल्यालेच झाकाव लागन."